एकच टब

लॉन्ड्रीच्या काउंटरमागच्या उंच खुर्चीवर ताई इतकी वर्षं बसत होती की गादीने तिचा आकार घेतला होता आणि तिच्या कंबरेने खुर्चीचा. दुसरं कुणी बसलं की खुर्ची कुरकुरायची. वडिलांचा उजवा हात एका सकाळी लुळा पडला, तेव्हा ‘चार दिवस बस जरा’ म्हणून तिला तिथे बसवलं होतं. मग वडील गेले, दुकान धाकट्या भावाच्या नावावर झालं, धाकट्याचं लग्न झालं, हिचं व्हायचं राहिलं. ते चार दिवस काही संपले नाहीत.

तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. काउंटरला रस्त्यावर उघडणारी मोठी काच होती. उजेड होता, येणारी-जाणारी माणसं होती. मागच्या खोलीत होती ती भट्टी, वाफ, ओल्या कपड्यांचा जड वास, आणि भट्टीवाले मामा. मामा कुणाचेच मामा नव्हते. वडिलांच्या वेळेपासून कपडे धूत होते एवढंच. तशी तीही भाऊ सोडला तर कुणाची ताई नव्हती. पण गिऱ्हाइकं तिला ताई म्हणत, शेजारचा चहावाला म्हणे, तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसंही म्हणत. तिचं खरं नाव विजेच्या बिलावरसुद्धा नव्हतं.

घरातही असंच. कपाट एक, आरसा एक, फोन बरीच वर्षं एक. जे एकच आहे ते सगळ्यांचं, आणि जे सगळ्यांचं आहे त्याबद्दल कुणा एकाला विचारत बसायचं नसतं, हे ती लहानपणीच शिकली होती. न शिकून करते काय.

एके दिवशी धाकटा एका कंपनीचं रंगीत माहितीपत्रक घेऊन आला.

“सगळं कॉम्प्युटरवर, ताई. गिऱ्हाइकाचं नाव, कपडा, डाग, खळ, टॅग. आणि ते चालवायला एक शिकलेली मुलगी ठेवू काउंटरवर.”

“आणि मी?”

“तू मागे बस. घड्या बघ. तुलाही जरा आराम.”

“आराम कुणी मागितला?”

धाकटा माहितीपत्रकाकडे बघत राहिला. त्याची बायको, म्हणजे ताईची भावजय, हँगर मोजत होती. तिचं मोजणं चुकलं.

“मी लिहीन तो प्रोग्रॅम,” ताई म्हणाली.

ती आव्हान दिल्यासारखं बोलली नाही, साधं बोलली, म्हणून धाकट्याला हसायला जास्तच आलं. गेले काही महिने ताई संध्याकाळच्या संगणकाच्या शिकवणीला जात होती, हे त्याला ठाऊक होतं. पण ती तिथे जाते म्हणजे बागेत फिरायला जाते तसं काहीतरी, असा त्याचा समज होता.

“सोमवारपर्यंत,” तो म्हणाला. “सोमवारी चालला तर तू आणि तुझी खुर्ची. नाही चालला तर कंपनीच्या माणसाला फोन.”

शिकवणीतल्या मॅडम ताईपेक्षा बऱ्याच लहान होत्या, भरभर बोलायच्या आणि फळ्यावर लिहिलेलं स्वतःच्या बाहीने पुसायच्या. क्लास म्हणजे साचा, त्यांनी सांगितलं होतं, आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून निघालेली एकेक वस्तू. बाकीची पोरं ऑब्जेक्ट या शब्दाशी झटापट करत होती तेव्हा ताईला ते चटकन कळलं. लॉन्ड्रीत कपड्याला नग म्हणतात. शर्ट असो, चादर असो, कोट असो, आत आला की नग. तिने ‘नग’ नावाचा साचा लिहिला. प्रत्येक नगाला मालकाचं नाव, प्रकार, डाग कुठे ते, खळ किती, आणि टॅगचा नंबर.

पहिल्याच दिवशी सगळ्या नगांना एकच नंबर आला. एक. शर्टाला एक, चादरीला एक, पडद्याला एक. ताईने पुन्हा लिहिलं, पुन्हा एक. तिला त्या एकाचा इतका राग आला की तिने कीबोर्डचं ते बटण नखाने खरवडलं.

मॅडम तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. “मोजणी कुठे ठेवलीत?”

“नगात.”

“मग बरोबरच आहे. प्रत्येक नगाच्या पोटात त्याची त्याची मोजणी. नवा नग जन्मला की शून्यापासून सुरू. त्याला काय माहीत आधी कोण येऊन गेलं ते? मोजणी साच्याकडे ठेवा. तिथे एकच राहील, आणि सगळे नग तिथेच बघतील. पुढे स्टॅटिक लावा.”

ताईचं नख बटणावरून निघालं. “म्हणजे टॅगचं रीळ.”

“काय?”

“आमच्याकडे टॅगचं रीळ असतं. ते कपड्याच्या खिशात नसतं, भिंतीवरच्या खिळ्याला असतं. कुणीही यावं, पुढचा फाडावा.”

“हां. तोच खिळा म्हणजे साचा,” मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडे गेल्या.

नंबर सरळ पडू लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी ताईच्या सांगण्याप्रमाणे वागलं होतं. त्या भरात तिने दुपारच्या सुट्टीत, दुकानाचं शटर अर्धं ओढून, हिशेबासाठी आणलेल्या संगणकावर बाकीच्या गोष्टींवरून हात फिरवला. दुकानात एकच काय आहे? दुकानाचं नाव एकच. ते स्टॅटिक. रीळ एकच. झालंच. मालक ज्याचा त्याचा, डाग ज्याचा त्याचा. आणि खळ? खळीबद्दल तिने विचारसुद्धा केला नाही. मागच्या खोलीत भट्टीशेजारी खळीचा एक टब होता, निळ्या कडांचा, वडिलांनी घेतलेला. मामा सकाळी त्यात खळ कालवायचे आणि दिवसभर सगळे कपडे त्यातून निघायचे. तिने खळीपुढे स्टॅटिक लिहिलं.

मग नगाची खळ जिथे जिथे भरली होती, तिथे शब्दाखाली बारीक पिवळी रेघ उमटली. मॅडमनी सांगितलं होतं, लाल रेघ आली की थांबायचं, पिवळी आली की बघायचं. ताईने बघितलं. प्रोग्रॅम चालत होता. पिवळ्या रेघेचं म्हणणं काय आहे ते वाचण्याइतका वेळ तिच्याकडे नव्हता. आयुष्यात नुसती कुरकुर करणाऱ्या गोष्टी तिने अशा पुष्कळ पाहिल्या होत्या. तिने एक नग घातला, पडद्यावर छापून पाहिला. बरोबर. दुसरा घातला, छापून पाहिला. बरोबर. तिला हवं होतं तेवढं तिला दिसलं.

सोमवारी गर्दी होती. निवृत्त मास्तर आले, शर्टांचं गाठोडं काखेत धरून. “खळ अजिबात नको, ताई. मानेला पुरळ उठतं.”

“हो मास्तर, नको,” ती म्हणाली आणि तसं भरलं.

तान्ह्या बाळाची आई आली, छोट्या चादरी घेऊन. तिलाही नको. बँकेतला कारकून आला, त्याला मध्यम. सगळ्यांत शेवटी समोरच्या हॉटेलचा दरवान आला, लाल कोट हातावर टाकून.

“कडक,” तो म्हणाला. “अशी कडक की मी आत नसलो तरी कोट दारात उभा राहिला पाहिजे. मी तेवढ्यात चहा पिऊन येईन.”

ताई हसली. खूप दिवसांनी हसली. तिने ‘कडक’ भरलं आणि मागच्या खोलीत यादी छापायचं बटण दाबलं. छपाईयंत्र मागे होतं. यादी तिने पाहिली नाही.

मामांनी पाहिली. वरपासून खालपर्यंत एकच शब्द. कडक, कडक, कडक. मामा तसे कागदाला भीक घालणाऱ्यातले नव्हते. खळीचं लिहिलेलं काय वाचायचं, ती एकच असते, मधली, कुणाला टोचणार नाही आणि कुणाचा कपडा लोळणारही नाही अशी. पण कागदावर सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट मागितलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

“आज सगळे लष्करात भरती झाले वाटतं,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि टबात दुप्पट खळ कालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे घरोघरी गेले, आणि संध्याकाळी मास्तर परत आले. त्यांनी घडी केलेला शर्ट काउंटरवर उभा ठेवला. तो उभाच राहिला.

“उघडायचा प्रयत्न केला,” ते म्हणाले. “मग दारावर ठोठावतात तसं ठोठावून पाहिलं. आतून कुणी बोललं नाही.”

कारकुनाने कॉलरचं टोक दाखवलं, त्याने म्हणे पाकीट फोडता आलं असतं. एकटा दरवान खूश होता. ताई सगळ्यांना ठेवून जा, परत धुऊन देते, असं सांगत कपडे आत ओढून घेत होती. पण सगळ्यांत वाईट बाळाची आई. तिने चादर काउंटरवर टाकली आणि मग कडेवरच्या बाळाचं तोंड ताईकडे वळवलं. गालावर घासल्याचा लाल चट्टा होता, अंगठ्याएवढा.

धाकटा गल्ल्यापाशी उभा राहून हे सगळं पाहत होता. बाई गेल्यावर त्याने फोन बाहेर काढला.

“उद्या दुपारपर्यंत थांब,” ताई म्हणाली.

“सोमवारपर्यंतच ठरलं होतं.”

“मला माहीत आहे काय ठरलं होतं ते. उद्या दुपारपर्यंत.”

त्याने फोन खिशात ठेवला, पण असा, की कुठल्याही क्षणी पुन्हा बाहेर निघेल.

दुसऱ्या दिवशी शटर अर्धं ओढून ताई संगणकापुढे बसली. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. कुठे चूक नाही. मास्तरांच्या शर्टाला ‘नको’ भरलं, यादी काढली: सगळ्यांना नको. दरवानाच्या कोटाला ‘कडक’ भरलं: सगळ्यांना कडक. एकाला शिंक आली की सगळ्या गावाने नाक पुसायचं. तिने पुन्हा भरलं, पुन्हा तेच. एखादं माणूस मुद्दाम समजून घेत नाही तसं ते यंत्र तिच्याशी वागत होतं, आणि त्याला दोन थोबाडीत द्यायचीही सोय नव्हती. तिने डोकं काउंटरवर टेकलं. लाकडाला साबणाचा वास होता. मागे घड्या घालण्याचं टेबल आहे त्यालाही असाच वास येत असेल, तिला वाटलं, फक्त तिथे काच नाही.

मग तिने मॅडमना फोन केला. पलीकडे भांड्यांचा आवाज होता. मॅडम जेवण उरकत असाव्यात.

“एका नगाचं बदललं की सगळ्यांचं बदलतंय,” ताई म्हणाली. “मला वेड लागायची पाळी आली आहे.”

“पिवळी रेघ आहे का कुठे?”

“आहे. पहिल्यापासून आहे.”

“पहिल्यापासून आहे म्हणजे काय, ताई? बघायला सांगितलं होतं ना.”

“बघितलं की.”

“वाचा आता.”

ताईने वाचलं. नीटसं कळलं नाही, पण स्टॅटिक हा शब्द त्यात होता आणि खळ हा शब्दही.

“खळीला स्टॅटिक लावलंत?” मॅडमनी विचारलं. “का?”

“टब एकच आहे.”

“कुठे?”

“मागे. खोलीत.”

भांड्यांचा आवाज थांबला. मॅडम हसतील असं ताईला वाटलं होतं, पण त्या हसल्या नाहीत.

“टब एक असेल, ताई. पण त्या मास्तरांनी मागितलेली खळ आणि त्या दरवानाने मागितलेली खळ एक कशी असेल? साच्याकडे ठेवलेली गोष्ट एकदाच असते. शेवटी जो येऊन बदलेल त्याचंच सगळ्यांना दिसणार. एकेक नग घालून लगेच छापलात म्हणून तुम्हाला कळलं नाही. तो शब्द काढा. खळ ज्याची त्याला द्या.”

ताईने शब्द काढला. पिवळ्या रेघा एकदम नाहीशा झाल्या, जणू त्या कधी नव्हत्याच. तिने नग पुन्हा भरले, यादी छापली आणि या खेपेला स्वतः मागे जाऊन कागद उचलला. मास्तर, नको. बाळाच्या चादरी, नको. कारकून, मध्यम. दरवान, कडक. नंबर ओळीने पडलेले, खळ ज्याची त्याची. तिने तो कागद वाफेतच दोनदा वाचला.

मामांनी तो तिच्या हातातून घेतला आणि लांब धरून बघितला.

“नको, नको, मध्यम, कडक,” ते म्हणाले. “हे काय? टब एकच आहे.”

“पण माणसांनी असं मागितलंय, मामा.”

“माणसं काय, नेहमीच असं मागतात. तुम्ही हो म्हणता, मी मधली देतो. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं का?”

ताईने कागदावरचं मास्तरांचं नाव पुन्हा पाहिलं. मास्तर किती वर्षं ‘खळ नको’ म्हणत होते? आणि ती किती वर्षं मान हलवत होती? ती खोटं बोलत नव्हती. ती हो म्हणायची, कपडे मागे जायचे, आणि मागे काय होतं ते बघायला खुर्चीवरून उठायची गरजच पडली नव्हती. मास्तर दर वेळी मानेला बोट लावून सांगायचे. तिला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाची सवय.

धाकटा आला तेव्हा ती खुर्चीवर बसली होती. तिने त्याला यादी दाखवली. त्याने वाचली, मागे जाऊन मामांशी बोलला, परत आला. त्याचा चेहरा बराच मोकळा झाला होता.

“चालतोय तर,” तो म्हणाला. “मानलं तुला. आता एक कर. तो शब्द परत घाल आणि खळ मध्यम करून ठेव. सगळ्यांना मध्यम. मामांचा घोळ नको, गिऱ्हाइकाची कटकट नको. मी कंपनीवाल्याला नाही म्हणून सांगतो.”

“आणि खुर्ची?”

“तुझीच की. दुसऱ्या कुणाची आहे?”

एवढं सोपं होतं. एक शब्द. ताईने खळीच्या ओळीपाशी बोट नेलं आणि स्टॅटिक लिहिलं. खाली पिवळ्या रेघा लगेच उगवल्या. तेवढ्यात काचेच्या दारातून मास्तर आत आले, काखेत उरलेल्या शर्टांचं गाठोडं. त्यांच्या मानेवर कॉलरच्या कडेने सगळीकडे लाल दाणे होते. ते नवे नव्हते. नव्यांच्या खाली जुने, काळे पडलेले डाग होते, आणि ते तिने आज पहिल्यांदा पाहिले.

“खळ नको, ताई,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “यावेळी खरंच नको.”

‘हो मास्तर, नको’ हे तिच्या तोंडात तयार होतं. तिथून ते बाहेर येईना. धाकटा शेजारी उभा होता. त्याने हळूच मान हलवली, म्हण हो आणि मोकळी हो, अशी.

ताईने शब्द पुसला. सावकाश, एकेक अक्षर करून.

“मला मागे तीन टब हवेत,” ती धाकट्याला म्हणाली. “एकात कडक, एकात मध्यम, एकात नुसतं पाणी.”

“तीन टब कोण बघणार? मामा एकटे आहेत.”

“मी बघेन.”

“आणि काउंटर?”

मास्तर गाठोडं घेऊन अवघडून उभे होते. आपण घरच्या भांडणात शिरलो असं त्यांना वाटत असावं. भावजय इस्त्रीच्या टेबलापाशी होती. तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि पदर सावरल्यासारखा हात नुसताच खांद्याकडे नेला.

“मी बसेन, ताई,” ती म्हणाली. “तुम्ही दाखवा कुठे काय भरायचं ते.”

“कंपनीच्या माणसाला सांगू मग काय?” धाकट्याने विचारलं, कुणालाच न विचारल्यासारखं.

“नको म्हणून सांग,” ताई म्हणाली. “प्रोग्रॅम बरोबर आहे. दुकान चुकीचं होतं.”

“दुकान बाबांचं आहे.”

“म्हणूनच इतकी वर्षं चाललं.”

टब आले. निळ्या कडांच्या टबाशेजारी दोन नवे, स्वस्तातले, बिनकडांचे. मामा दिवसभर पुटपुटत राहिले.

“तुमच्या कागदाने माझं काम तिप्पट केलं.”

“माझं किती झालं?” ताई म्हणाली.

“तुमचं तर होतंच कुठे. तुम्ही बसून होता.”

मागच्या खोलीत चष्म्यावर वाफ बसत होती आणि पुसला की पुन्हा बसत होती. इथून रस्ता दिसत नव्हता, फक्त आवाज येत होते: गाडीचा, काचेच्या दाराचा, पायांचा. ज्या खोलीत यायचं नाही म्हणून तिने हे सगळं केलं होतं, त्याच खोलीत ती कोपरापर्यंत ओली उभी होती, आणि दोष द्यायला आसपास कुणी नव्हतं. साच्यात जे ठेवायचं ते ठेवलं होतं, नगाला जे द्यायचं ते दिलं होतं. कुठेही पिवळी रेघ नव्हती. तरी तिच्या जिवाची चिडचिड काही थांबेना.

पुढून दरवानाचा आवाज आला, कडक म्हणून. मग बाळाची आई, नको म्हणून. तिने बाकी काही विचारलं नाही, पण ती परत आली होती, हे ताईने टिपलं. छपाईयंत्र खरखरलं आणि कागद बाहेर सरकला. मामा हात पुसत पुढे झाले, पण तो तिने आधी घेतला.

बाळाच्या चादरी तिने साध्या पाण्यात सोडल्या आणि हात जरा वेळ तसाच आत ठेवला. पाणी गार होतं. बाहेर भावजय कुणाला तरी टॅग देण्यासाठी वळली असावी, कारण खुर्ची कुरकुरली.